राखीव बाग

पानामागे ठिपक्याएवढा, पानाचा रस शोषणारा आठ पायांचा कोळी. कुलूप पडलेला पंप. मुद्दाम तहानलेली ठेवलेली संत्र्याची झाडं.

इंदू गावंडे पंपावर हात आपटत होत्या. बहरासाठी दिलेला पाण्याचा ताण आज तोडायचा होता. पाणी मिळालं की झाडांना पालवी फुटते, फुलं येतात. पण सकाळी बागेतल्या वनखात्याच्या कॅमेऱ्याने कोळ्याची नवी जात ओळखली आणि पंप आपोआप कुलूपबंद झाला.

"उईके, काढा न कुलूप! झाडं वाळून राहिली."

"काकू, मी नाही लावलं," वनखात्याचे निरीक्षक उईके म्हणाले. "नवी जात सापडली की बाग राखीव होते."

"मंग मलेही राखीव करा. माह्यासारखी बी एकच हाय इथं."

उईके हसले. इंदूकाकू हसल्या नाहीत.

"पाणी कवा सुटन?"

"पाण्यानं कोळ्याला अपाय होतो का, ते आधी तपासतील."

"अन् पाणी नाही देल्लं तं काय होते, ते?"

उईकेंनी मोबाइलमध्ये बराच वेळ शोधलं. "ते विचारायची सोय नाही, काकू."

इंदूकाकूंनी पंपाला लाथ घातली.

त्या कोळ्याची पिल्लं फक्त कोवळ्या पालवीवर जगतात, हे पुढच्या वर्षी सिद्ध झालं.