वीस सेकंद

दर्भाची अंगठी बोटात सरकवून उल्हास आठल्ये ब्रह्मा घाटाच्या पायरीवर बसला आणि समोरच्या गुरुजींनी मान वर केली. तो ढुंढिराज होता.

नेहमीचे गुरुजी तापाने पडले होते. पितृपक्षात बदली म्हणून जो मिळेल तो घ्यावा लागतो.

तीस वर्षांपूर्वी कॉलेजच्या हिंदी वादविवाद स्पर्धेत दोघं समोरासमोर होते. ढुंढिराज ‘लोकतंत्र’ या शब्दावर अडखळला आणि अडखळतच राहिला. “लोकतंत्र आने तक हम रुकते हैं, अध्यक्ष महोदय,” असं म्हणून उल्हास हाताची घडी घालून खरोखरच थांबला. सभागृह हसत सुटलं. ढाल उल्हासला मिळाली. ढुंढिराज दुसऱ्या दिवसापासून कॉलेजात दिसला नाही. वडलांकडे वेद शिकायला बसला, असं पुढे कळलं.

माफी मागायची, हे उल्हासने अनेकदा ठरवलं होतं. मग एका दिवाळी अंकात त्याने त्यावर लेखच लिहिला, त्यामुळे माफी राहून गेली.

“गुरुजी, ओळखलंत?”

“गु-गुरुजी काय म्हणतोस? लेख वा-वाचला तुझा. आमच्या हिने आणला होता.”

“हो का? मग ते वाचलंस ना... जपानी नाटकात त्याला ‘मा’ म्हणतात. दोन वाक्यांमधली मुद्दाम धरलेली शांतता. मोठी कला मानतात तिकडे. मी त्या दिवशी नकळत...”

जपानला पंधरा दिवस जाऊन आल्यापासून उल्हास हे सगळ्यांना सांगत असे. सांगितलं की त्याला बरं वाटे. आज वाटलं नाही.

“म्हणजे त्-त्याला नाव आहे,” ढुंढिराज ताम्हनात तीळ टाकत म्हणाला. “वीस से-सेकंद लिहिलंयस. बरोबर आहे. मी पण मो-मोजत होतो.”

उल्हासने माफीचं वाक्य जुळवायला घेतलं, तोवर संकल्प सुरू झाला. संकल्पात ढुंढिराज कुठेही अडत नव्हता.

“वडलांचं नाव?”

“दत्तात्रेय.”

“आजोबांचं?”

“विश्वेश्वर.”

“पणजोबांचं?”

उल्हासने तोंड उघडलं. नाव आलं नाही. काल रात्रीपर्यंत ते तोंडपाठ होतं. मागे यजमानांची रांग लागली होती.

“अहो, बापजाद्यांची नावं घरून पाठ करून यायची ना!” रांगेतून कुणीतरी म्हणालं. दोघं-तिघं हसले.

ढुंढिराज त्याच्याकडे बघत होता. उल्हास मोजत होता. सात. आठ.

“शा-शास्त्रात सोय आहे,” ढुंढिराज हळूच म्हणाला. “नाव आठवत नसेल तर प-पणजोबांना ‘दिविषद्’ म्हणायचं. स्वर्गात बसलेला. त्-त्यालाही शब्द आहे. म्हण.”

“दि...” उल्हासची जीभ टाळ्याला चिकटली. “दि... दि...”

रांग पुन्हा हसणार, एवढ्यात ढुंढिराजने मोठ्याने मंत्र सुरू केला. इतक्या वरच्या आवाजात, की उल्हासची दि-दि मागे कुणालाच ऐकू गेली नाही.

शेजारच्या पायरीवरच्या गुरुजींनी चमकून पाहिलं. तो मंत्र इथे नव्हता. त्याला अजून बराच अवकाश होता.