लेखिका मृण्मयी पेणकर

विद्यापीठाच्या हॉस्टेलात एकमेकांच्या प्रेमात पडलेल्या दोन मुलग्यांची हलकीफुलकी कादंबरी दिपेशने वाचनाच्या ॲपवर टाकली, ती मृण्मयी पेणकर या नावाने. स्वतःचं नाव दिलं असतं, तर ही त्याचीच गोष्ट आहे हे सगळ्या श्रीवर्धनला कळलं असतं.

वाचक तुटून पडले. ‘बाई, मुलांच्या मनातलं तुम्हाला काय कळणार?’ असं एकाने लिहिलं. ‘शेवटी दोघांपैकी एकही मरत नाही, हे काही पटत नाही,’ असं दुसऱ्याने. दिपेश चिडून मुद्देसूद उत्तर टाइप करायचा आणि मृण्मयीबाईंना हे शोभणार नाही म्हणून पुसून टाकायचा.

त्याला खरं तर एकाच वाचकाचं मत हवं होतं. मृण्मयी म्हणजे आपणच हे न सांगता त्याने कादंबरी आईला पाठवली. तिला ती मुलं आवडली, तर त्याच दिवशी तिला सगळं सांगून टाकायचं, असं त्याने ठरवलं होतं.

वाडीत सुपाऱ्या सोलता सोलता आई म्हणाली, "गुणाची हायेत रे दोघं पोरं. करू दे की संसार. कोणाचं काय जातंय?"

दिपेश तिच्या शेजारी येऊन बसला. "आई, मला तुला काहीतरी सांगायचंय."

"थांब, आधी माझं ऐक," आई म्हणाली.

 

"ही मृण्मयी बिनलग्नाची हाय का बघ. एवढ्या मोठ्या मनाची सून मला दुसरीकडं न्हाय मिळायची."