पल्लवीचं उत्तर

"मॅडम, परत आलाय बघा," म्हणत पल्लवीनं मोबाईल पुढे केला.

राजेश्वरी मॅडमनी मेसेज वाचला. 'कालची निळी रिबीन छान दिसत होती. घरच्यांना न सांगता भेटशील का?' नंबर तोच, अनोळखी. आठवडाभर हेच चाललं होतं.

"शी! कोण मेला हा?" दहावीतल्या पोरीला असलं लिहिणारा माणूस गावात उजळ माथ्यानं फिरतो, चहा पितो, कदाचित आपल्याला नमस्कारही घालतो, या विचाराचीच मॅडमना किळस आली.

दोष आपलाच, हेही त्यांना टोचत होतं. कोरेगावजवळच्या त्या शाळेत प्रयोगशाळा म्हणजे फुटक्या परीक्षानळ्यांचं एक कपाट. म्हणून त्यांनीच टूम काढली, की दहावीच्या मुलांनी घरून मोबाईल आणायचा, प्रयोग त्यावर बघायचे, सराव चाचण्या त्यावर सोडवायच्या. पालकांच्या सभेत सगळ्यात शेवटी कबूल झाले ते पल्लवीचे वडील, जोतीराम हवालदार. फौजेतून रिटायर होऊन आता ऊस करायचे आणि शाळेच्या समितीवर असायचे.

हवालदारांचा खाक्या साऱ्या शाळेला ठाऊक. न सांगता यायचे आणि खिचडीचा घास घेऊन बघायचे. एकदा तर शिपाई हरिबाची घंटाच लपवून ठेवली, त्याला कधी कळतंय ते बघायला. पोरं पोट धरून हसली होती. मॅडमही हसल्या होत्या.

सभेत मात्र हवालदार हसले नाहीत. "मोबाईल देतो, मॅडम. पन एक बी वाकडी गोष्ट दिसली, तर दुसऱ्या दिवशी पोरीचा दाखला काढनार. शाळा बास."

पल्लवीला नर्स व्हायचं होतं. त्यामुळे हे मेसेज घरी दाखवायची सोयच नव्हती.

"आबास्नी कळलं तर माझी शाळा सुटंल. मी त्याला ब्लॉकच करते, मॅडम. आजवर एकदाबी उत्तर दिलं न्हाई मी."

"ब्लॉक नको करूस. तू सुटशील आणि हा दुसऱ्या पोरीच्या मागे लागेल. असला किडा चेचलाच पाहिजे."

मॅडमचा संशय शिवतेजवर होता. मागच्या बाकावर बसून तो सारखा मोबाईलमध्ये तोंड घालून असायचा. मॅडमनी भर वर्गात त्याचा मोबाईल हिसकून तपासला. सापडलं काय, तर आम्ल-आम्लारीचे प्रयोग. पोरगा रडवेला झाला, तरी मॅडमचा संताप काही निवेना.

मधल्या सुट्टीत त्यांनी पल्लवीला बाजूला घेतलं. "लिही. उद्या शाळा सुटल्यावर मैदानामागे भेटते. घरी सांगणार नाही."

"आवं मॅडम, मी असलं लिवू?"

"तू कुठे लिहितेयस? मी सांगतेय. खेळाचे दिग्विजय सर तिथे दबा धरून बसतील. आला की धरली कॉलर."

पल्लवीनं घाबरत घाबरत लिहिलं आणि धाडलं. मेसेजखालच्या दोन्ही खुणा लगेच निळ्या झाल्या. उत्तर मात्र आलं नाही.

"येईल बघ," मॅडम म्हणाल्या. "असल्यांना लाज नसते."

दुसऱ्या दिवशी पल्लवी शाळेत आलीच नाही. पहिल्याच तासाला हवालदार आले. डोळे लाल, दाढी वाढलेली. त्या भामट्यानं पोरीला वाटेत गाठलं की काय, या भीतीनं मॅडम खुर्चीवरून ताडकन उठल्या.

"हवालदार, पल्लवी कुठंय?"

"घरात हाय. दाखला द्या." त्यांनी खिशातून एक नवा मोबाईल काढून टेबलावर ठेवला. "आठ दिस पोरगी लय घट्ट ऱ्हायली, मॅडम. एका मेसेजला उत्तर न्हाई. लय अभिमान वाटला मला. म्हनलं, आता बास करूया. अन् काल हे आलं."

स्क्रीनवर मॅडमचीच वाक्यं होती.

"वर खोटं बी बोलाय शिकली," हवालदारांचा आवाज फाटला. "म्हनती, मॅडमनीच लिवाय लावलं."