पाणंदीचे जाहीर आभार

"ती बातमी काढ," धनेशशेठ फोनवर म्हणाले. "तेच्या जागेर आपल्या स्विमिंग पूलचो फोटो टाक. मोठो."

"काढतो," गुरुदास म्हणाला, आणि काढली. साप्ताहिक 'नांगर'चा एकच नियम होता. मालकाच्या मर्जीबाहेर एक ओळ जायची नाही. गुरुदास वैभववाडीचा, संपादक म्हणून या किनाऱ्यावर येऊन जेमतेम वर्ष झालेलं. नोकरी टिकवायची तर नियम पाळायचा.

बातमी तशी साधीच होती. शेठनी आचऱ्याला रिसॉर्ट बांधलं आणि किनाऱ्याकडे जाणारी पाणंद चिऱ्याची भिंत घालून बंद केली. मासेवाल्या बायका डोक्यावर पाटी घेऊन आता अख्ख्या वाडीला वळसा घालत. बाजारात पोचेपर्यंत बांगड्याचे डोळे लाल, नि बायकांचेही.

फोन ठेवतो न ठेवतो तोच दारात एक म्हातारी. रिकामी पाटी तिने बाहेर टेकवली, पदराने तोंड पुसलं आणि न विचारता खुर्चीत बसली. हातात जाडजूड पाटल्या. मासेवालीच्या अंगावर सोनं असतंच, गुरुदासला त्याचं नवल वाटलं नाही.

"संपादक खंय आसा?"

"मीच."

"तू? माका वाटला, संपादकाक मिशी तरी असतली." तिने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "माका सत्यवती म्हणतत. आचऱ्याची मी. आमच्या पाणंदीची बातमी छापतलस म्हणान आयकलंय."

"छापणार होतो. मालक नको म्हणाले." गुरुदासने नजर खाली घातली. "तुम्ही त्यांनाच का सांगत नाही, आजी?"

"सांगलंय मरे. घराक जावन सांगलंय. तेच्या घरवाल्येन च्या दिल्यान, बिस्किटा दिल्यान. तेणा मोबाईल बघित मान हलयल्यान. भिंत थंयच."

"मग मी तरी काय करणार?"

"जाहिराती कोण बघता?"

"त्या मीच लावतो. चौथ्या पानावर."

चौथं पान म्हणजे वाढदिवस, दहावीचे टक्के, दुःखद निधन आणि तळाला कायद्याने छापावीच लागणारी ती बारीक ओळ. आधीच्या संपादकाने लावलेली, तीच दर अंकात न वाचता पुढे चालू. शेठ ते पान छापण्याआधी बघतच नसत. त्यांचा फोटो असायचा पहिल्यावर.

"तर घे लिवन," म्हातारी म्हणाली. "जाहीर आभार. श्री. धनेश..."

"...कोयंडे," गुरुदासने पुरं केलं.

"धनेश गंगाराम कोयंडे. बापाचा नाव घाल. आभाळातसून पडलो काय तो?"

ती सांगत गेली, गुरुदास शुद्ध करून लिहीत गेला. श्री. धनेश गंगाराम कोयंडे यांनी येत्या रविवारी सकाळी स्वतःच्या हस्ते भिंत पाडून पाणंद खुली करण्याचा मनाचा मोठेपणा दाखवल्याबद्दल समस्त मासेवाल्या महिलांतर्फे...

त्याचं पेन थांबलं. "आजी, त्यांनी असं काही ठरवलेलं नाही."

"पेपरात इला काय मगे तो ठरयतलो."

"माझी नोकरी जाईल."

"जावची नाय. मी ओळखतंय तेका. शाळेच्या गॅदरिंगात शाबासकी म्हणान नारळ गावलेलो, तो कुशीत घेवन झोपलो. कोणाक फोडूक देयना. चार माणसांनी वाहवा केली काय तो भिंतच काय, घर पाडीत."

गावात सगळ्यांना सगळ्यांचं माहीत असतं. गुरुदास हसला. हसला आणि तिथेच फसला. जाहिरात लागली.

अंक निघाला त्या सकाळी शेठचा फोन आला. "गुरुदासा, ह्या कोणी छापला? आजच्या आज सामान बांध आणि..." मध्येच त्यांना दुसरा फोन आला, म्हणून राहिलं. गुरुदास खरोखरच टेबलाचा खण आवरायला लागला.

दुपारी परत फोन. आवाज लोण्यासारखा. "आमदारांचो फोन इल्लो. मुंबयसून चाकरमान्यांच्या मंडळाचो पण. म्हणतत, असो मोठ्या मनाचो माणूस जिल्ह्यात नाय." शेठनी घसा खाकरला. "बघ, ही कल्पना तशी माझीच. रविवारी फोटोग्राफर चांगलो आण."

रविवारी आचऱ्याला जत्राच भरली. ढोल, ताशे, बायकांच्या अंगावर ठेवणीतली लुगडी. शेठनी घण उचलला. पहिल्या घावाला चिऱ्याचा टवका उडाला, दुसऱ्याला शेठचा फेटा. बायका पोट धरून हसल्या. शेठही हसले. उरलेली भिंत बायकांनीच हातोहात खाली ओढली.

गळ्यात चार हार, अंगभर चिऱ्याची लाल धूळ, शेठ भाषणाला उभे राहिले. "मी ह्या पेपराचो मालक आसंय, तरीसुद्धा..."

पुढे उभी असलेली म्हातारी जरा खोकली. शेठनी का कोण जाणे, भाषण आवरतं घेतलं.

मोकळ्या पाणंदीतून पहिली पाटी गेली ती तिची. फोटो छान आला. गुरुदास धावत तिच्यामागे गेला.

"आजी, फोटोखाली पूर्ण नाव काय घालू?"

सत्यवतीने पाटी खाली उतरवली. "वर्षभर दर आठवड्याक छापतस, आणि माका इचारतस? चौथा पान काढ. सगळ्यात खाली."

गुरुदासने खिशातला अंक उलगडला आणि तळाची बारीक ओळ डोळ्यांजवळ नेली.

'साप्ताहिक नांगर. मालक, मुद्रक व प्रकाशक : श्रीमती सत्यवती गंगाराम कोयंडे.'