कोब्यातली पावलं

"तेवढा तुकडा सोडून बाकी सगळं फोडा," म्हातारा म्हणाला.

फरशीवाल्याने छिन्नी खाली ठेवली. मागच्या अंगणाचा जुना कोबा उखडायचा आणि नवी फरशी बसवायची, असं फोनवर ठरलं होतं. फोनवर 'तेवढा तुकडा' नव्हता.

"कुठला तुकडा, काका?"

म्हाताऱ्याने भिंतीलगत अंथरलेलं पोतं उचललं. खाली कोब्यात दोन इवली पावलं उमटलेली. एक मागे, एक पुढे. टाचा खोल, बोटं मोजून घ्यावीत इतकी स्पष्ट, दोन्ही अंगठे नळाच्या बाजूला.

"मुलगा. अडीच वर्षांचा होता. कोबा ओला, मी जरा हात धुवायला वळलो, तेवढ्यात स्वारी निघाली फिरायला."

"आता कुठे असते स्वारी?"

"लांब." म्हाताऱ्याने हाताने हवेतच कुठेतरी दाखवलं. "फोनसुद्धा नाही."

फरशीवाल्याच्या जिभेवर एक चावट उत्तर तयार होतं. गिऱ्हाइकाची फिरकी घेतल्याशिवाय त्याचा दिवस जात नसे. पण ते त्याने गिळलं. गेल्या वर्षी आपलं घर रंगवताना त्याने स्वतःच्या हाताने दाराच्या चौकटीवर ब्रश फिरवला होता. मुलीची उंची मोजलेल्या पेन्सिलच्या खुणा होत्या तिथे. मुलगी परदेशात. मध्यंतरी तिने फोनवर विचारलं, "बाबा, माझ्या खुणा आहेत ना?" हा म्हणाला, "आहेत की! कुठे जातात?"

"नुसता सोडून भागायचं नाही," तो म्हणाला. "फरशीची पातळी वर येणार. अख्खा तुकडा काढून देतो. भिंतीला टेकवून ठेवा."

"तडकला तर?"

"तर माझ्या मिशा कापून देतो. त्या ठेवा जपून."

त्याने मोठी हातोडी बाजूला ठेवली आणि बारीक छिन्नी काढली. बोटभर कोरायचं, फुंकर मारायची, परत बोटभर. म्हातारा स्टूल घेऊन शेजारीच बसला. घरात बसायला तेवढंच होतं. चहा आला तो दोन कपांत. एकाचा कान झिजलेला, दुसऱ्याच्या बुडाला दुकानाची चिठ्ठी अजून तशीच.

म्हाताऱ्याची सगळी नोकरी एका संग्रहालयाच्या तळघरात गेली होती. जीवाश्मांचे साचे करायचे, त्यांत प्लास्टर ओतायचं.

"जीवाश्म म्हणजे काय, माहीत आहे का मिस्त्री?"

"जुनी हाडं."

"हाडं उरायला नशीब लागतं. मेलेलं जनावर उघड्यावर पडलं की कोल्हे-गिधाडं फडशा पाडतात. ते लगेच गाळाखाली गाडलं गेलं पाहिजे. मग पाणी झिरपतं, पाण्यातले क्षार हाडात शिरतात, कणाकणाने. लाखो वर्षांनी आकार हाडाचा आणि माल दगडाचा."

"म्हणजे आमच्या धंद्यासारखंच. दाखवायचं एक, घालायचं दुसरं."

म्हातारा हसला. हसायची सवय गेलेली असावी, लगेच ठसका लागला.

"शिंपल्याचं वेगळं," दम आल्यावर तो म्हणाला. "चिखलाचा दगड होतो, शिंपला विरघळून जातो. मागे नुसती पोकळी. तो साचा. त्या पोकळीत पुन्हा गाळ भरून घट्ट झाला, की शिंपल्याच्या आकाराचा दगड. आणि झाडाच्या चिकात किडा अडकला, तर पंखांसकट टिकतो बघा."

"मग ही पावलं?"

"ठसा. सगळ्यात भारी. हाड काय सांगतं? कुणीतरी मेलं. ठसा सांगतो, कुणीतरी चालत होतं."



म्हातारा आत गेला आणि रुमालात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला. प्लास्टरचं पाऊल. डावं, तळहातात मावेल एवढं, हाताळून हाताळून पिवळं पडलेलं. "त्या ठशात प्लास्टर ओतून काढलं. हातात धरायला काहीतरी लागतं ना माणसाला."

फरशीवाल्याने ते दोन्ही हातांत घेतलं आणि परत दिलं.

तिसऱ्या चहानंतर तुकडा सुटला. सगळा कोबा लोखंडासारखा होता, छिन्नीचं टोक मोडलं होतं त्याने. हा तुकडा मात्र खालून अलगद निघाला.

"नशीब आपलं," म्हातारा घाईघाईने म्हणाला.

दोघांनी मिळून तो भिंतीला टेकवला. केसाएवढाही तडा नव्हता. म्हातारा त्याच्याकडे बघायच्या ऐवजी फरशीवाल्याकडेच बघत होता.

"फरशी मग उद्यावर गेली?"

"उद्यावर."

"परवाही लागेल, नाही का?"

"लागेल बहुतेक."

फरशीवाल्याने नळावर पाय धुतले आणि तसाच ओल्या पायांनी कोरड्या ओट्यावरून पिशवीपर्यंत गेला. चप्पल घालायला वळला तेव्हा मागे त्याचीच पावलं उमटली होती. डावं, उजवं, डावं, उजवं. अंगठे सगळे आतल्या अंगाला, एकमेकांकडे तोंड करून. तो त्यांच्याकडे बघत राहिला. मग भिंतीला टेकवलेल्या तुकड्याकडे, तिथे दोन्ही अंगठे एकाच अंगाला. मग परत ओट्याकडे. ऊन होतं, पावलं वाळत चालली होती.

"मिस्त्री," म्हातारा दारापर्यंत आला. हातात चिठ्ठीवाला कप होता. "एक सांगायचं राहिलंच. जिन्याच्या पायरीतही त्याचं एक पाऊल आहे. पुढच्या आठवड्यात तीही काढावी म्हणतो. याल ना?"

फरशीवाल्याने पिशवी खांद्यावर टाकली.

"येणार की. फक्त पायरीवर या वेळी उजवं उमटवा, काका."