बिनतोंडाची माणसं

"नाक कोठे शे याले?" ललितशेठनी चित्रावर बोट आपटलं. "डोया कोठे शेत?"

रंजितानं मान खाली घातली. रंग वाळलेला होता, एवढंच तिचं नशीब.

रनाळ्याला ललितशेठच्या नव्या बंगल्याची वास्तुशांती होती. हॉलची समोरची भिंत त्यांनी मुद्दाम कोरी ठेवली होती. मिरचीच्या व्यापारावर बंगला उभा राहिला, तेव्हा तिथं मिरच्या वाळत घालतात त्या पथारीचंच चित्र लागावं, आणि ते बडोद्याला चित्रकला शिकणाऱ्या आपल्या मुलीनं काढावं, ही कल्पना त्यांचीच. मिरची मोजून घेता येईल आणि मजुरांसकट सगळा कारभार ठसठशीत दिसेल, असं चित्र त्यांच्या डोळ्यांपुढं होतं. आणि महिनाभर पथारीवर बसून पोरीनं आणलं काय, तर उन्हातला एक तांबडा पट्टा, त्यावर निळसर धूळ आणि मधेमधे ब्रशाचे फटकारे. म्हणे ही माणसं.

फ्रान्समधले चित्रकार असेच शेतात जाऊन बसायचे, त्या घडीच्या उजेडात नजरेला जे पडेल तेवढंच रंगवायचे, त्यांना इम्प्रेशनिस्ट म्हणतात, असं रंजितानं एकदा समजावून पाहिलं. फ्रान्सवाल्यांना नाक काढता येत नसेल तर तो त्यांचा प्रश्न, असं ललितशेठ म्हणाले आणि पाहुणे पोट धरून हसले. चित्रकलेतलं शेठचं ज्ञान खताच्या दुकानातल्या कॅलेंडरपुरतं होतं. मत मात्र पक्कं होतं. पाहुण्यांचं तर तेवढंही नव्हतं, त्यांना फक्त जेवण व्हायचं होतं.

मेहुणा भाग्येश तेवढा हसला नाही. भाचीचं बडोद्याचं शेवटचं वर्ष तरी होऊ द्या, असं तो हळूच म्हणाला. ललितशेठना ते वर्ष तसंही नकोच होतं. त्यांना निमित्त हवं होतं, आणि ते आज आयतं भिंतीला टेकून उभं होतं.

"आयका सगळा," ते आवाज चढवून म्हणाले. "यामधला एक तरी माणूस कोन्ही वयखी दखाडा. हाईच चित्र आठे लावसू आनि पोरले बडोदाले धाडसू. नहीं त सोमवारे म्हसावदना पाहुना तिले दखाले येतीन."

ओळखू येणारं एखादं माणूस शोधायला पाहुण्यांनी चित्राला डोळे लावले. कुणाला त्यात गाठोडी दिसली, कुणाला बकऱ्या. रंजिताचा चेहरा उतरला. हरायची वेळ आली की तिची आई जशी ओठ मिटून घ्यायची, तसेच तिनं मिटले. ललितशेठना मनातून बरं वाटलं. लेकीचा पाणउतारा करून बरं वाटणारा बाप आपणच पहिले नाही, अशी त्यांनी स्वतःची समजूतही घातली.

तेवढ्यात दारात कालीबाई उभी राहिली. रस्त्यापलीकडच्या पथारीवर ती बारा वर्षं देठ खुडत होती. आज घरात शुभकार्य असलं तरी पथारीवरचं काम चालूच होतं, आणि ती गोदामाची किल्ली मागायला आली होती. किल्ली मागायची सोडून ती चित्राकडे बघत राहिली आणि एकदम हसली.

"हाई त दिवली शे," ती म्हणाली. "एक पाय लांबा करीसन बशेल. तिन्हा गुडघा वाकत नहीं ना. आनि घमेलं तिरपं धरेल, तो बाज्या."

भाग्येश उठून गॅलरीत गेला, पथारीकडे बघून आला आणि दिवलीबाई खरंच एक पाय लांब करून बसली आहे, घमेलंही तिरपंच आहे, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं. मग त्यानं कुणाला न विचारता चित्र उचललं आणि कोऱ्या भिंतीशी धरून उंचीचा अंदाज घेऊ लागला. रंजिताचे डोळे भरून आले होते, ते तिनं लपवलेही नाहीत.

ललितशेठना राग आला. बारा वर्षं ते त्याच पथारीवरून रोज जात होते आणि दिवलीचा पाय त्यांनी कधी पाहिला नव्हता. पण पाहुण्यांसमोर दिलेला शब्द गिळता येत नव्हता, म्हणून ते कालीबाईवरच घसरले.

"तोंड त एकले बी नहीं शे. तू कशी वयखस?"

"पथारीवर तोंड कोनं दिसस, शेठ? मिरचीना ठसका लागस, सगळास्नी नाकतोंडले फडकं बांधेल ऱ्हास. आम्ही एकमेकले पाठवरथीनच वयखतस."

पाहुण्यांत कुणीतरी खोकलं. आता माघार घ्यायचीच तर मालकाच्या थाटात घ्यावी, म्हणून ललितशेठ पुढं झाले, कमरेवर हात ठेवले आणि हसून म्हणाले, "बरं, मंग यामा मी कोठे शे, ते बी सांग."

कालीबाईला शोधावं लागलं नाही. लिंबाच्या सावलीतल्या पांढऱ्या फटकाऱ्यावर तिनं बोट ठेवलं.

"हाऊ. एवढासमा एकच तोंड बिनफडक्यानं उघडं ऱ्हास. तुम्हले कोठे ठसका लागस, शेठ?"