‘घर’ नावाचा नंबर

"नयनाबेन को फोन लगाओ जी," स्टिअरिंगवरचं बटण दाबून जयवंतराव म्हणाले.

"नयनाबेन को कॉल कर रही हूँ," गाडीच्या स्पीकरमधली बाई मधाळ आवाजात म्हणाली.

शेजारच्या सीटवर मांडीवर मेथीची पिशवी घेऊन बसलेल्या कुसुमावतीबाईंनी तोंड खिडकीकडे फिरवलं. खंडेराव मार्केट अजून मागे दिसत होतं, आणि यांच्या गप्पा सुरू!

ही विजेची गाडी मुलानं, समरजितनं, घेऊन दिली होती. फोन खिशातच ठेवायचा, गाडी तो आपोआप ओळखते, मग बटण दाबून नाव घेतलं की झालं, हेही त्यानंच शिकवलं होतं. रिफायनरीतून निवृत्त झाल्यापासून कुणाला हुकूम सोडायची सोय राहिली नव्हती, त्यामुळे जयवंतरावांना हा खेळ फार आवडला. आणि हुकूम तरी कसला? "एसी जरा कम करो जी." "शुक्रिया." घरी हातात चहा दिला तर पेपरातून डोकं वर निघायचं नाही. घरची करते देवा देवा, बाहेरचीला चोळी शिवा!

स्पीकरमधून नयनाबेन खळखळून हसल्या. "अरे जयवंतभाई! नवी गाडीमां अमने क्यारे फेरवशो?"

"तमे कहो त्यारे, नयनाबेन!"

या निजामपुऱ्याच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या चिटणीस. यांना म्हणे नव्या गाडीतून फिरायचंय! कुसुमावतीबाईंचा नुसता जळफळाट झाला. पण खरं दुखणं फिरण्याचं नव्हतंच, नावाचं होतं. नयनाबेन, भाची भक्ती, विहीणबाई अवंती, जगातल्या सगळ्या बायकांची नावं या माणसाच्या तोंडून कशी सुरळीत निघत. बायकोचं तेवढं निघत नसे. लग्नात घेतलं होतं म्हणे, पण नेमका तेव्हाच बँड वाजायला लागला आणि जिचं नाव तिलाच ऐकू आलं नाही. त्यानंतर नुसतं ‘अगं’, ‘ऐकलंस का’, फार तर ‘समरजितची आई’. शिलेदारांच्या घराण्याची रीत, असं सासूबाई सांगायच्या. जयवंतरावांच्या फोनमध्येसुद्धा बायकोचा नंबर ‘घर’ या नावानं होता. म्हणजे भिंती, छप्पर आणि कुसुमावतीबाई, सगळं एकात.

आज सकाळी ते आंघोळीला गेले, तेव्हा बाईंनी त्यांचा फोन उघडला, ‘घर’ पुसलं आणि तिथं स्वतःचं नाव घातलं.

नयनाबेनचं बोलणं एकदाचं संपलं, तशा त्या म्हणाल्या, "अहो, माझा मोबाईल दिसत नाहीये. भाजीवालीकडे राहिला वाटतं."

"तुझं नेहमीचंच," जयवंतराव म्हणाले. "थांब, लावून बघू. तिथं असेल तर उचलेल ती." त्यांनी बटण दाबलं. "घर पे फोन लगाओ जी."

"माफ कीजिए, इस नाम का कोई नंबर नहीं मिला."

"घर! घर पे!"

गाडीतल्या बाईनं पुन्हा माफी मागितली.

"तिची चूक नाही," कुसुमावतीबाई म्हणाल्या. "सकाळी मी नाव बदललं. आता तिथं माझं नाव आहे."

"कशाला पण?"

"माझं आहे म्हणून."

जयवंतरावांनी डोळे बारीक करून पडद्याकडे पाहिलं. नावांची यादी तिथं होती, पण जवळचा चष्मा घरी राहिला होता आणि मागून रिक्षावाले हॉर्न मारत होते. "मग तूच सांग ना तिला," ते म्हणाले.

"मी? फोन तुमचा, बाई तुमची. माझं कशाला ऐकेल ती?"

गाडी फतेगंजला आली. तिथं सिग्नल लाल झाला. मंडळात भाषणाला उभं राहताना खाकरायचे तसे जयवंतराव खाकरले आणि त्यांनी बटण दाबलं.

"कु... सुमा... को..."

"माफ कीजिए, फिर से बोलिए."

"कुसुमावती!" ते जवळजवळ ओरडलेच. शेजारच्या स्कूटरवरच्या मुलीनं वळून पाहिलं. "कुसुमावती को फोन लगाओ!" गडबडीत ‘जी’ राहूनच गेलं.

कुसुमावतीबाईंच्या अंगावर काटा उभा राहिला. इतक्या वर्षांनी, आणि बँडशिवाय! पण तो आनंद क्षणभरच टिकला. नाव त्यांचं होतं खरं, पण सांगितलं होतं त्या बाईला.

"कुसुमावती को कॉल कर रही हूँ," ती म्हणाली. तशीच मधाळ.

मेथीच्या पिशवीत तळाशी काहीतरी थरथरू लागलं. विजेच्या गाडीला इंजिनाची घरघर नसते, त्यामुळे ती थरथर दोघांनाही स्वच्छ ऐकू आली. जयवंतरावांनी पिशवीकडे पाहिलं, मग बायकोकडे. कुसुमावतीबाईंनी सावकाश मेथीची जुडी बाजूला केली, फोन बाहेर काढला, त्याला चिकटलेलं पान पुसलं आणि कानाला लावला.

"हॅलो," त्या म्हणाल्या, "कोण हवंय आपल्याला?"

गाडीच्या चारही दारांतल्या स्पीकरमधून त्यांचाच आवाज एकदम आला. सिग्नल हिरवा झाला, मागचे हॉर्न पुन्हा सुरू झाले, तरी जयवंतराव समोर बघत, ओठ हलवत नुसते बसून राहिले. गाडीतली ती बाई मात्र आता चकार शब्द बोलत नव्हती.